मऊसर खाणारा जावई

मुकुलच्या दातांना तार लावलीय, ही गोष्ट भांडुपला कळू द्यायची नाही, असं मुलुंडमध्ये ठरलं. ठरवणारे तिघे होते. स्वतः मुकुल, त्याची आई जयंती आणि वडील श्यामकांत. श्यामकांत नुसतं "बरं" म्हणाले होते, पण ज्याच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आहेत अशा माणसाचं "बरं" हे पाठिंब्यातच धरायचं असतं.

भांडुप म्हणजे मुकुलची होणारी सासुरवाडी. मध्ये एक नाहूर स्टेशन सोडलं की आलंच. इतक्या जवळच्या माणसांपासून तोंडातली गोष्ट लपवायची म्हणजे अवघडच, पण मुकुलला तेव्हा ते सोपं वाटलं होतं. (मुकुलला बऱ्याच गोष्टी आधी सोप्या वाटतात. स्वयंपाकघरातला नळ त्याने स्वतः दुरुस्त केला होता, तेव्हाही खालच्या मजल्यावरची माणसं वर येईपर्यंत त्याला सगळं सोपंच वाटत होतं.)

झालं होतं असं की साखरपुड्याचे फोटो आले आणि प्रत्येक फोटोत मुकुलचा समोरचा एक दात रांग मोडून पुढे घुसलेला दिसला. बाकी कुणाला त्याचं काही नव्हतं. होणाऱ्या बायकोला, श्रुतिकाला, तर तो दात आवडायचा. पण मुकुलच्या डोक्यात तो दात बसला तो बसलाच. लग्नाच्या फोटोत आपण तोंडभर हसायचं, सरळ दातांनी हसायचं, एवढं एकच स्वप्न घेऊन तो डॉक्टर वसुधांकडे गेला. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "पुढचेच दात आहेत. लग्नाच्या आठवडाभर आधी तार काढून देते. फक्त एक करायचं. हे जे ब्रॅकेट मी दातांवर चिकटवणार आहे ना, त्यातला एकही निघता कामा नये. एक जरी निघाला तरी माझं वेळापत्रक कोलमडलं, आणि मग तुम्ही तारेसकट बोहल्यावर."

तेव्हापासून मुकुलच्या आयुष्यात ते ब्रॅकेट देवाच्या जागी होते.

ब्रॅकेट दातांच्याच रंगाचे होते. तोंड उघडल्याशिवाय दिसायचे नाहीत. म्हणून मुकुलने तोंड उघडणंच बंद केलं. तो ओठ मिटून हसायचा, पासपोर्टच्या फोटोत हसतात तसं, म्हणजे न हसता.

"अरे सांगून टाक ना घरी," श्रुतिका म्हणाली. "आमच्याकडे कोण काय बोलणारेय?"

"नको गं. बत्तीस वर्षांचा घोडा आणि शाळेतल्या पोरासारखी तार. लग्नात डायरेक्ट रिझल्टच बघू देत."

"तू लग्न करतोयस की प्रॉडक्ट लाँच?"

पण त्याने शपथ घातली आणि तिने ती पाळली. इथेच तिचं चुकलं, असं ती अजूनही म्हणते.

आता खाण्याचं. डॉक्टर वसुधांनी सांगितलं होतं, कडक नको, चिकट नको, चिवट नको. ऐकायला किती साधं वाटतं! पण घरी येऊन मुकुलने आठवायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं की मराठी माणसाचा फराळ ही मुळात दातांची परीक्षाच आहे. चकली गेली, कडबोळी गेली, भाकरवडी गेली, चिक्की तर पहिल्या झटक्यात गेली. चिवडा मऊ असतो म्हणावं, तर त्यात दाणे आणि खोबऱ्याचे काप दबा धरून बसलेले. शंकरपाळी घरोघरी वेगळी निघते आणि आत्याकडची तर पाट्यावर फोडावी लागते. उरलं काय? इडली, ढोकळा, शिरा, उपमा, केळं, उकडलेलं रताळं आणि दहीपोहे.

जयंतीने हे काम अंगावर घेतलं. तिने एक चाचणीच काढली. कुठलाही पदार्थ अंगठ्याखाली दाबायचा. दबला तर मुकुलच्या डब्यात, नाही दबला तर श्यामकांतांच्या. (श्यामकांत त्या काळात फार सुखात होते.) बाजारातही ती हेच करायची. बेकरीत तिने बरणीतल्या नानकटाया एकेक दाबून बघायला सुरुवात केली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "मावशी, घ्यायच्यात की मालिश करायचीय?" तिने त्याला सरळ सांगितलं, "माझ्या मुलाचं लग्न आहे." त्याचा आणि नानकटाईचा काय संबंध, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. सफरचंद ती किसून द्यायची. ऑफिसात मुकुल किसलेलं सफरचंद चमच्याने खायला लागला, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा देवदत्त म्हणाला, "यार, पुढचं काय? लाळेरं?" मुकुल ओठ मिटून हसला. आईने सकाळी उठून ते किसलेलं असायचं आणि काळं पडू नये म्हणून वर लिंबू पिळलेलं असायचं. देवदत्त काय म्हणतो यापेक्षा मुकुलला ते लिंबू मोठं वाटायचं.

असे महिने गेले. दात रांगेत आला. लग्न तोंडावर आलं आणि केळवणं सुरू झाली. स्वतःच्या नातेवाइकांकडे काही अडचण नव्हती, तिथे सगळ्यांना माहीत होतं. आत्याने त्याच्यासाठी मुद्दाम मऊ शंकरपाळी केली. (ती फसून मऊ झाली होती, असं श्यामकांतांचं मत आहे.) पण मग भांडुपहून फोन आला. होणाऱ्या जावयाचं केळवण रविवारी, झाडून सगळे या.

मालवणी घरातलं केळवण!  तिथे आग्रह म्हणजे काय असतो हे जयंतीने साखरपुड्यात पाहिलं होतं. तिने श्रुतिकाच्या आईला, सुगंधाताईंना, आधीच फोन लावला.

"विहीणबाई, एक सांगायचं होतं. मुकुलला जरा मऊसर काहीतरी करा. कडक नको काही."

"अगोबाई! पोट बिघडलंय का?"

"छे छे, पोट उत्तम आहे."

"मग पथ्य आहे का कसलं?"

"पथ्य नाही हो. म्हणजे... चावायला लागू नये, एवढंच."

"चावायला लागू नये?"

"हो. म्हणजे सवय आहे त्याची तशी. लहानपणापासून." एवढं खोटं बोलून जयंतीने घाईघाईने फोन ठेवला.

इकडे भांडुपमध्ये सुगंधाताई फोन हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सासूबाईंना सांगितलं. या सासूबाई म्हणजे श्रुतिकाची आजी, कुंदाआजी. त्यांचे यजमान गिरणीत होते. संपाच्या काळात दारोदार खानावळीचे डबे पोचवून आजींनी घर उभं ठेवलं होतं. त्यांना कुणी काही गुंडाळून सांगितलेलं चालत नसे.

"पोट बरा आसा?" आजींनी विचारलं.

"बरं आहे म्हणतात."

"पण चावाक नको?"

"नको म्हणतात."

 आजींनी निकाल दिला. "नवऱ्याक दात नायत."

"अहो आई, काहीतरीच काय! साखरपुड्यात होते की."

"थंय होते तर बसवलेले आसतले. आता बघ तू, हसता कसो तो? ओठ मिटान. माझी कवळी नवी होती तेव्हा मी पण अशीच हसी." त्यांनी स्वतःच्या कवळीला जिभेने टक्क केलं. "चेडवाक, श्रुतिकाक, सांगा नको. आधी बघूया."

आजींचा कवळीवर राग नव्हता, त्यांची स्वतःची होती. राग फसवणुकीवर होता. नातीला घेऊन जाणारा माणूस पहिल्याच पायरीवर खोटं बोलत असेल तर पुढचं काय, हा त्यांचा सवाल होता. आणि खरं सांगायचं तर सवाल रास्त होता.

रविवारी केळवण झालं आणि काय झकास झालं! घावणे, शिरवाळ्या म्हणजे नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, काटे काढून केलेलं सुरमईचं तिखलं, भात, सोलकढी. मुकुलला अंगठा लावायचीही गरज पडली नाही. तो असा जेवला की सुगंधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (ते कीव येऊन आलं होतं, हे त्याला नंतर कळलं.) श्रुतिकाचे वडील, गुणाजीराव, त्याला जेवताना सारखे बघत होते आणि मध्येच मान फिरवत होते. श्रुतिका तेवढी नव्हती. ऑफिसातलं काहीतरी अडकलं होतं, ती चहापर्यंत येणार होती.

जेवण झालं. डॉक्टरांचा नियम असा की खाल्ल्याबरोबर दात घासायचे, आणि वरच्या-खालच्या दातांना अडकवलेले दोन बारीक रबर जेवताना काढून ठेवायचे, नंतर परत लावायचे. मुकुल खिशातली छोटी डबी घेऊन बेसिनपाशी गेला. दार लोटलं, पण लागलं नाही. घासणं, खळखळणं, डबी उघडण्याचा आवाज, असं बराच वेळ चाललं. बाहेर आला तर दारात कुंदाआजी उभ्या.

"धुवन झाले?"

मुकुल चपापला. मग त्याला वाटलं, श्रुतिकाने आजीला सांगितलेलं दिसतंय. एकदम बरंच वाटलं त्याला. "हो आजी. झाले."

"काढून धुतंस?"

"हो, काढूनच. जेवताना काढायचे, जेवल्यावर परत लावायचे." (तो रबरांबद्दल बोलत होता.)

"रात्री?"

"रात्री नवे लावतो."

"नवे?" आजींनी भिंत धरली. "रोज?"

"पाकीटच मिळतं ना."

आजींनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "वय काय रे तुझा?"

"बत्तीस."

"बत्तिसाव्या वर्षी बत्तिशी गेली!" आजी म्हणाल्या आणि त्याचा हात धरून त्याला सगळ्यांसमोर बाहेर घेऊन आल्या. बाहेरच्या खोलीत जयंती, श्यामकांत, गुणाजीराव, सुगंधाताई सगळे पानसुपारीला बसलेले. आजी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, कवळी लावणारो नवरो आमका चलात. पण तां आमच्यापासून लपवलास कित्याक?"

"कवळी?" जयंती म्हणाली.

"कवळी?" मुकुल म्हणाला.

"बरं," श्यामकांत म्हणाले. ते सवयीने.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मुकुलने इतके महिने मिटलेलं तोंड त्या दिवशी भांडुपमध्ये उघडलं. "आजी, कवळी नाहीये हो! तार आहे. तार! हे बघा."

आजी जवळ आल्या. चष्मा वर केला, खाली केला. ट्यूबलाइटच्या उजेडात तार चमकली. आजींनी कपाळावर हात मारला.

"गुणाजी, बघ रे! तारेन बांधलेत! पडतत म्हणान बांधलेत मेल्यान!"

गुणाजीराव उठून आले, वाकले आणि बघितलं. त्यांच्या स्कूटरचा मागचा मडगार्ड दोन वर्षं तारेनेच बांधलेला होता, त्यामुळे त्यांना हे पटकन पटलं. "खरंच की," ते खिन्नपणे म्हणाले.

"अहो, ती सरळ करायला आहे," जयंती कळवळून म्हणाली. "एक दात पुढे होता त्याचा!"

"एका दातासाठी सगळ्यांक बांधता कोण?" आजींनी विचारलं.  मुकुलने यावर नंतर बरेचदा विचार केला आहे.

आजी आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा हातात ताटली होती. ताटलीत खटखटे लाडू. ज्यांनी हे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं. गुळाच्या पाकातले, आलं घातलेले, गावच्या जत्रेतून आणलेले हे लाडू एकमेकांवर आपटले तर नावाप्रमाणे वाजतात. लहान मुलं ते दाराच्या फटीत धरून फोडतात.

"दात तुझे आसतीत," आजी म्हणाल्या, "तर फोड. फुटलो तर माझी काय तक्रार नाय."

मुकुलने लाडवाकडे बघितलं. मग आईकडे बघितलं. जयंतीचा अंगठा नकळत हवेतच दाबला गेला आणि तिने मान हलवली. ब्रॅकेट निघाला तर लग्नात तार. नाही फोडला तर लग्नात कवळी, म्हणजे लोकांच्या तोंडी तरी. फोटोसाठी इतके महिने किसलेलं सफरचंद खाल्लं होतं त्याने. पण समोर ही म्हातारी बाई उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नातीची काळजी होती. ती काळजी मुकुलला एकदम आपली वाटली. त्याने लाडू उचलला.

तेवढ्यात दारात श्रुतिका आली. खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता ती ओरडली, "मुकुल, नको! वाट लागेल दातांची!"

"बघ!" आजी म्हणाल्या. "हिका म्हायत होता!"

आता मागे फिरायला जागाच नव्हती. मुकुलने डोळे मिटले आणि चावला.

कडाक्!

 मुकुलच्या हातात अर्धा लाडू होता आणि तोंडात अर्धा. म्हणजे लाडू फुटला होता. आजींचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! "वा रे माझ्या झिला!" म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याच्या हातातला उरलेला अर्धा लाडू घेतला आणि आनंदाच्या भरात स्वतःच्या तोंडात टाकून दाबला.

पुन्हा कडाक्. या वेळी लाडू फुटला नव्हता.

रिक्षात मागे मुकुल आणि कुंदाआजी बसले होते, मध्ये श्रुतिका. दोघांनीही तोंडावर रुमाल धरलेले. आजींच्या मांडीवर छोट्या स्टीलच्या डबीत कवळीचे दोन तुकडे होते. मुकुलच्या खिशात दोन ब्रॅकेट. श्रुतिका आधी चिडली होती, मग हसायला लागली आणि मग हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "मारामारी झाली काय, ताई?"

"केळवण झालं," श्रुतिका म्हणाली.

थोड्या वेळाने आजी रुमालाआडून बोलल्या. दात नसल्यामुळे त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "माका लाज वाटता रे. तुझो फोटो माझ्यापायी गेलो."

मुकुलने श्रुतिकाच्या मागून हात घालून आजींचा खांदा दाबला. "आजी, चूक माझीच. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर लाडू पण वाचला असता." त्याला खरंच तसं वाटत होतं. इतक्या महिन्यांत प्रथमच तो काही न लपवता बोलत होता आणि ते त्याला फार सुखाचं वाटलं.

रविवार असूनही डॉक्टर वसुधांनी दवाखाना उघडला. त्यांनी दोघांना दोन खुर्च्यांवर बसवलं आणि आधी मुकुलकडे असं बघितलं की त्याला शाळा आठवली. निकाल असा लागला की आजींना नवी कवळी, लग्नाच्या आत. मुकुलला आणखी दोन महिने तार, लग्न धरून. आणि दोघांनाही तोवर खाणं मऊच.

त्यानंतर जयंतीने मुलुंडहून दोन डबे भरायला सुरुवात केली. एक मुकुलचा, एक भांडुपचा. गुळाची लापशी, वाफवलेलं सांदण, केळ्याचं शिकरण, उकडून कुस्करलेलं रताळं. आजी फोन करून सांगायच्या, "विहीणबाई, कालचो ढोकळो वायच कडक होतो," आणि जयंती तो निरोप अगदी मनावर घ्यायची. नव्या कवळीचे दात कसे असावेत यावर दोघींची तासभर चर्चा झाली. शेवटी जयंतीच म्हणाली, चांगले शुभ्र घ्या, लग्न आहे घरात.

लग्न लागलं. मुलुंडच्या हॉलमध्ये मुकुल तारेसकट उभा राहिला. फोटोग्राफर सिद्धेश श्रुतिकाचा लांबचा मामेभाऊ. तो म्हणाला, "भावजी, बिनधास्त हसा. तारेचं टेन्शन माझ्यावर सोडा. कंप्युटरवर सगळं होतं." मग मुकुल हसला. शेजारी श्रुतिका हसली, मागे कुंदाआजी नव्या कवळीने हसल्या, आणि असं मोकळं हसताना मुकुलला वाटलं, तार असली तर असू दे.

महिन्याने अल्बम आला. सगळे भांडुपला जमले. पहिलंच पान उघडलं आणि जयंती ओरडली, "अगं बाई! तार दिसतच नाही!" खरंच दिसत नव्हती. मुकुलच्या तोंडात सरळ, शुभ्र, ओळीने लावलेले दात होते.  मुकुलला वाटलं, सगळं मिळालं अखेर.

श्रुतिका मात्र फोटो जवळ धरून बघत राहिली. "छान आहे रे. पण हे तुझं हसणं नाहीये."

"माका तर ओळखीचा वाटता," आजी म्हणाल्या.

मुकुलने सिद्धेशला फोन लावून स्पीकरवर टाकला. "काम मस्त झालंय रे. पण हे दात आणलेस कुठून?"

"भावजी, तुमचे तारेखाली नीट दिसतच नव्हते," सिद्धेश अभिमानाने म्हणाला. "मग त्याच फ्रेममध्ये सगळ्यात एक नंबर दात ज्यांचे होते, त्यांचे उचलले आणि तुम्हाला बसवले. आजींचे."

तो फोटो आता मोठा करून भांडुपच्या बाहेरच्या खोलीत लावला आहे. परवा शेजारच्या काकू नव्या जावयाला बघायला आल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या, मग मुकुलकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "जावई आहेत म्हणून सांगितलं नसतं ना, तर मी म्हटलं असतं, मुलगा अगदी आजीवर गेलाय."